नेमोचा राइट-क्लिक मेनू: फॉर्म भरून देणाऱ्या दुकानाला कितपत उपयोगी?

लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्या सिनॅमन आवृत्तीत फाइल मॅनेजर, म्हणजे फोल्डर-फाइली बघायचा प्रोग्राम, म्हणून नेमो येतो. नेमोच्या राइट-क्लिक मेनूत आपल्या कामाची नोंद टाकता येते. तिला तिथे 'ॲक्शन' म्हणतात. कोल्हापुरात शाहूपुरीपासून राजारामपुरीपर्यंत ऑनलाइन फॉर्म भरून देणारी जी दुकानं आहेत, तिथे दिवसभर एक काम हमखास चालतं: गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो अर्जाच्या मापात बसवायचा. त्याच कामावर नेमोला घासून बघू.

मांडणी सोपी आहे. होम फोल्डरात कंट्रोल-एच दाबून लपलेले फोल्डर दाखवा. टिंबाने सुरू होणाऱ्या 'लोकल'मध्ये 'शेअर', त्यात 'नेमो', त्यात 'ॲक्शन्स'. इथे 'नेमो-अंडरस्कोअर-ॲक्शन' या एक्स्टेन्शनची एक साधी मजकूर-फाइल ठेवली की नोंद मेनूत येते. फाइलीत मोजक्या ओळी लागतात. 'नेम' म्हणजे मेनूत दिसणारं नाव, 'एक्झेक' म्हणजे चालवायची आज्ञा, 'सिलेक्शन' म्हणजे किती फाइली निवडल्यावर नोंद दिसावी आणि 'एक्स्टेन्शन्स' म्हणजे कुठल्या प्रकारच्या फाइलींवर दिसावी. ओळींची नावं रोमन अक्षरांतच लिहायची, पण 'नेम'च्या पुढे मराठी बिनधास्त चालते. 'फोटो ५० केबीत बसवा' असं लिहिलं की कामावरच्या नव्या पोरालाही वेगळं शिकवावं लागत नाही.

आज्ञा एकाहून जास्त असतील तर त्या एका वेगळ्या फाइलीत लिहितात, तिला स्क्रिप्ट म्हणतात. एक्झेकमध्ये स्क्रिप्टचं नाव टोकदार कंसात लिहा. मग नेमो ती स्क्रिप्ट त्याच ॲक्शन्स फोल्डरात शोधतो आणि अख्खा फोल्डर उचलून दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाकला तरी मार्ग बदलत बसावं लागत नाही. 'डिपेन्डन्सीज'ची ओळही सोडू नका. तिथे लिहिलेला प्रोग्राम त्या मशीनवर नसेल तर नोंद मेनूत येतच नाही. क्लिक करून काहीच न होण्यापेक्षा हे बरं.

आता खरी अडचण. व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेल्या फोटोच्या नावात 'व्हॉट्सॲप इमेज', मग तारीख, मग वेळ असतं आणि मध्ये ढीगभर मोकळ्या जागा. शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, मोकळ्या जागेवर नाव तोडतं, एका फाइलीचे पाच-सहा तुकडे होतात आणि स्क्रिप्टला एकही फाइल सापडत नाही. यावर ॲक्शनच्या फाइलीत 'कोट' या ओळीत 'डबल' लिहायचं, आणि स्क्रिप्टच्या आतही "$@" (म्हणजे निवडलेल्या फाइलींची यादी) दुहेरी अवतरणातच ठेवायचं. दोन्हींपैकी एक विसरलं तरी गाडी अडते. शिवाय या फोटोंचं एक्स्टेन्शन चार अक्षरी जेपीईजी असतं, तीन अक्षरी जेपीजी नव्हे. एक्स्टेन्शन्समध्ये दोन्ही लिहा, नाहीतर नेमक्या याच फोटोंवर नोंद गायब.

फोटोचं काम इमेजमॅजिक हा आज्ञांवर चालणारा प्रोग्राम करतो. बँकभरतीची परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या अर्जाचं माप घ्या: फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी, सही १४० बाय ६०, १० ते २० केबी. आज्ञेतला क्रम महत्त्वाचा. आधी 'ऑटो-ओरिएंट', मग आकार कमी करणं, मग मधोमध कापणं, आणि शेवटी 'स्ट्रिप', म्हणजे फोटोसोबतची जादा माहिती काढून टाकणं. मोबाइल बरेचदा उभा फोटो आडवाच साठवतो आणि 'हा फिरवून दाखवा' अशी खूण सोबत ठेवतो. स्ट्रिप आधी केलं तर ती खूण पुसली जाते आणि उमेदवार आडवा पडतो. केबीची मर्यादा 'जेपेग-एक्स्टेंट' या सेटिंगने लागते. तिथे ५० ऐवजी ४५ द्या. मात्र ही फक्त वरची मर्यादा आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीचा साधा फोटो २० केबीच्याही खाली जाऊ शकतो, म्हणून शेवटी आकार तपासून सूचना देणारी एक ओळ स्क्रिप्टमध्ये हवीच. इमेजमॅजिकचीच 'मॉग्रिफाय' ही आज्ञा वापरू नका. वेगळा फोल्डर सांगितला नाही तर ती मूळ फोटोवरच लिहिते, आणि गिऱ्हाईक तर पुढच्या फॉर्मला तोच फोटो मागणार.

पीडीएफ एकत्र जोडायला क्यूपीडीएफ हा प्रोग्राम चांगला. फाइली निवडल्या त्याच क्रमाने पोचतील यावर विसंबू नका. स्क्रिप्टमध्ये 'सॉर्ट-वजा-व्ही' लावा, म्हणजे १० नंबरचं पान २ च्या आधी घुसणार नाही. पीडीएफचं काम इमेजमॅजिककडे देऊ नका. मिंट ज्यातलं आहे त्या उबुंटू-डेबियन कुटुंबात सुरक्षेच्या कारणाने त्याला पीडीएफची मनाई केलेली असते.

नेमोची मोठी खोट म्हणजे ॲक्शन फसली तर तो गप्प बसतो. ना खिडकी, ना आवाज. नोटपॅडमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट आणली की हमखास असं होतं, कारण विंडोज ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य चिन्ह ठेवतं आणि पहिल्या ओळीतल्या बॅशचं, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलचं, नावच चुकतं. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे प्रॉपर्टीजमध्ये स्क्रिप्टला चालवायची परवानगी दिलेली नसते. दोन्ही ठीक असतील तर टर्मिनलमध्ये नेमो 'वजा-क्यू'ने बंद करून तिथूनच पुन्हा उघडा. चुका समोर दिसतात. काम संपल्यावर स्क्रिप्टमधून 'नोटिफाय-सेंड' या आज्ञेने पडद्यावर एक ओळ दाखवायची सवय लावा, नाहीतर माणूस तीनदा क्लिक करतो आणि तीन प्रती तयार होतात.

मिंट २१.३ पासून तयार ॲक्शन सेटिंग्जमधून उतरवता येतात आणि मिंट २२ मध्ये नोंदींचे उपमेनू करायला स्वतंत्र खिडकी आली. दहा-बारा नोंदी झाल्या की तिची गरज भासतेच.

विंडोजवर हेच रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यातून, करता येतं, पण साध्या पद्धतीने आज्ञा प्रत्येक फाइलीसाठी वेगळी सुटते. वीस फोटो निवडले तर नोंद दिसतच नाही, कारण तिथली नेहमीची मर्यादा १५ ची आहे. शिवाय विंडोज ११ मध्ये अशा नोंदी 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आत जाऊन बसतात. ज्या दुकानात विंडोजवरच चालणारं एखादं सॉफ्टवेअर लागतं, तिथे फोटो-पीडीएफच्या कामापुरता एखादा जुना पीसी मिंटवर ठेवावा. चार जीबी रॅमवर हे सगळं निवांत चालतं.