चॉकलेट आणि घरातला कुत्रा: साताऱ्याच्या बाजारातले डबे, लॉक आणि कचरापेट्या

सणासुदीच्या सुट्टीत चॉकलेट कुत्र्यापासून लांब ठेवायचं असेल आणि एकच वस्तू घ्यायची असेल, तर कडी-कोयंड्याची पत्र्याची छोटी ट्रंक घ्या. होस्टेलला जाणाऱ्या मुलांना देतात तीच, फक्त फूटभर लांबीची. बाकीच्या वस्तू कुठे चालतात आणि कुठे दगा देतात ते पुढे सविस्तर आहे.

साताऱ्यात हा प्रश्न बारमाही आहे. महाबळेश्वर-पाचगणीहून उतरणारा पाहुणा क्रशच्या बाटलीबरोबर चॉकलेट-फजचा पुडा आणतो. गणपतीत चॉकलेटचे मोदक पाटावर, म्हणजे नेमके कुत्र्याच्या तोंडाशी असतात. राखीला आणि भाऊबीजेला खोकी येतात ती वेगळीच. कंदी पेढ्यात कोको नसतो, त्यामुळे त्याने चॉकलेटची विषबाधा होत नाही. पण पाव किलो खवा एकदम पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात, स्वादुपिंडाला सूजही येऊ शकते. पेढेही ट्रंकेतच ठेवा.

आधी हिशोब. कोकोतलं थिओब्रोमीन हे द्रव्य कुत्र्याला विषारी, कारण ते त्याच्या शरीरातून फार सावकाश निघतं. निम्मं व्हायलाच साधारण १७-१८ तास लागतात. वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम गेलं की उलटी, तहान, अस्वस्थपणा सुरू होतो. ४० ते ५० मिलिग्रॅमला हृदयाचे ठोके बिघडतात आणि ६० ला झटके येऊ लागतात. मिल्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये ते अंदाजे २ मिलिग्रॅम असतं, डार्कमध्ये ५ किंवा जास्त, कोको पावडरमध्ये २५ च्या वर. म्हणजे ५ किलोच्या पॉमेरेनियनला त्रास व्हायला ५० ग्रॅम मिल्क चॉकलेट, २० ग्रॅम डार्क किंवा चहाचे दीडेक चमचे कोको पावडर पुरते. २५ किलोच्या लॅब्राडोरला मिल्क चॉकलेट पाव किलो लागेल, पण लॅब तेवढं खोकं कागदासकट संपवतो. सुट्या विकल्या जाणाऱ्या घरगुती चॉकलेटवर कोकोचं प्रमाण बहुधा छापलेलं नसतं. ते डार्कच आहे असं धरून चाला.

आता वस्तू.

स्टीलचा दाबाच्या झाकणाचा डबा, म्हणजे आपला फराळाचा डबा, या कामाला नापास. ओट्यावरून खाली पडला की झाकण उडतं, आणि ओट्यावर पुढचे पाय टेकवणाऱ्या कुत्र्याला तो ढकलायला फारसे कष्ट पडत नाहीत. चॉकलेट वर ठेवलंय म्हणून निर्धास्त राहू नये. खुर्ची, सोफा, मग ओटा अशी पायरी त्याला बरोबर सापडते. वर काय ठेवलंय यापेक्षा ते किती घट्ट बंद आहे, याला महत्त्व.

चार बाजूंना क्लिपा असलेला प्लॅस्टिकचा डबा लहान कुत्र्यांच्या घरी चांगला. घेताना झाकणातली सिलिकॉनची रिंग खोबणीत सगळीकडे सारखी बसली आहे का ते बघा आणि चारही क्लिपा दोन-चार वेळा उघड-बंद करा. क्लिप जिथे वाकते ती पट्टी पांढुरकी पडत असेल, तर ती तिथेच तुटणार. मोठ्या कुत्र्यासमोर हा डबा टिकत नाही. क्लिप उघडण्याच्या भानगडीत तो पडतच नाही, चौकोनी कोपरा दाढेत धरून चावतो. आणि हवाबंद डब्यातून वास येत नाही हा माणसाचा समज. कुत्र्याला तो येतो.

पत्र्याच्या ट्रंकेला दात लावायला कोपरा मिळत नाही आणि पडली तरी झाकण उघडत नाही, म्हणून ती पहिली. मोती चौक-राजपथ भागातल्या भांड्यांच्या दुकानांत विचारा. झाकणाच्या मध्यावर अंगठ्याने दाबून पाहा. टक्कन आत जात असेल तर पत्रा पातळ आहे, दुसरी मागा. कोयंडा रिबिटांनी पक्का हवा, नुसता दुमडून अडकवलेला नको. कडी अडकवून भागत नाही, आपटली की ती निसटते; कोयंड्यात जाड पिन किंवा छोटं कुलूप घाला. कडा आत वळवलेल्या हव्यात, नाहीतर मुलांची बोटं कापतात. दोष दोनच: मुंग्या आत जातात आणि उन्हाच्या खोलीत पत्रा तापून चॉकलेट वितळतं. चॉकलेट आधी क्लिपांच्या डब्यात आणि तो डबा ट्रंकेत ठेवला की मुंग्यांचा प्रश्न सुटतो. उन्हासाठी ट्रंकेची जागा बदला.

ज्यांना कपाटच वापरायचं आहे त्यांच्यासाठी लहान मुलांसाठीची लॉक मिळतात. चिकटपट्टीची स्वस्त, पण स्वयंपाकघरात ती सुटतात, कारण फोडणीच्या वाफेने शटरवर, म्हणजे कपाटाच्या दारावर, तेलाचा थर बसलेला असतो. लावण्याआधी जागा साबणाने आणि मग स्पिरिटने पुसा, पट्टी अर्धा मिनिट जोर देऊन दाबा आणि एक दिवस हात लावू नका. ऑइलपेंटच्या लाकडी दारावर ती लावूच नका, रंगासकट निघते. चुंबकाचं लॉक जास्त भरवशाचं, मात्र स्क्रूने बसवायचं. शटर १८-१९ मिलिमीटर जाड असेल तर चुंबक तेवढ्या लाकडातून खटका ओढतो का, हे भोक पाडण्याआधी तपासा.

फ्रिजची जुनी रबरं सैल झाली असतील तर कुत्रा दार ओढून उघडतो. दारात नोट अडकवून ओढा. सहज निघाली तर रबर बदला.

कचरापेटीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि सणात चॉकलेटचे कागद, केकचे तुकडे, कोको सांडलेला कागद तिथेच जमतो. झुलत्या झाकणाची पेटी कुत्र्यांच्या घरात नकोच. पायाने उघडायची पेटी काही कुत्री बघून शिकतात, नाहीतर सरळ आडवी पाडतात. झाकणाला खटका असलेली पेटी घ्या आणि तीही सिंकखालच्या लॉकच्या कपाटात ठेवा. चांदीचा कागद विषारी नसला तरी आतड्यात अडकू शकतो. घंटागाडी येईपर्यंत पिशवी फाटकाला टांगून ठेवायची पद्धत या दिवसांत बंद ठेवा, गल्लीतली कुत्रीही तेच खातात.

कुत्र्यांसाठीची म्हणून कॅरोबची, म्हणजे कोकोऐवजी एका झाडाच्या गोड शेंगांच्या पुडीची, 'चॉकलेटं' ऑनलाइन मिळतात. कॅरोबमध्ये थिओब्रोमीन नसतं, वस्तू निर्धोक आहे. तरी ज्या घरात लहान मुलं आहेत तिथे ती आणू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे; कुत्र्याला चॉकलेट चालतं हे मुलाच्या डोक्यात एकदा बसलं की ते आपल्या हातातलंही भरवतं.

भेटीच्या खोक्यात आणखी दोन गोष्टी बघा. सांगली-तासगावचा बेदाणा आपल्याला कितीही प्रिय असला तरी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतो, त्यामुळे बेदाणे घातलेलं चॉकलेट दुहेरी धोक्याचं. शुगर-फ्री खोक्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) किंवा त्याचा ९६७ हा आकडा असेल तर तो धोका चॉकलेटपेक्षा वेगवान आहे, किलोमागे ०.१ ग्रॅमनेही रक्तातली साखर कोसळते.

एवढं करूनही खाल्लंच, तर उरलेला कागद, अंदाजे वजन, वेळ आणि कुत्र्याचं वजन हाताशी घेऊन लगेच डॉक्टरांना फोन करा. मिठाचं पाणी पाजू नका, त्याने रक्तातलं सोडियम वाढून जीव जाऊ शकतो. घशात बोट घालू नका. दूध, हळद यांचा उपयोग नाही. पहिल्या दोन तासांत डॉक्टरांनी औषधाने उलटी करवली तर सर्वांत जास्त फायदा होतो. चॉकलेट पोटात गोळा होऊन राहतं, त्यामुळे उशीर झाला असला तरी जायचंच. लक्षणं बऱ्याचदा ६ ते १२ तासांनी दिसतात, तोवर कुत्रा ठणठणीत वाटतो; त्यावर विसंबू नका. नंतर ३ दिवसांपर्यंत त्रास राहू शकतो. त्या काळात त्याला वारंवार लघवीला न्या, कारण हे द्रव्य मूत्राशयातून पुन्हा रक्तात शोषलं जातं.

लक्ष्मीपूजन-पाडव्याला कोणता दवाखाना उघडा आहे हे वसुबारसेलाच विचारून फ्रिजवर लिहून ठेवा. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण सुट्टीत वाटेतल्या खंबाटकी घाटात वाहनांची रांग लागू शकते; पहिला फोन गावातल्या डॉक्टरांनाच करा.