कॅसेट डेक: सर्व्हिसिंग केलेला जुना घ्यावा की नवा, आणि घेतल्यावर त्याची निगा कशी राखावी

कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कॅसेट पुन्हा ऐकायच्या असे मनाने घेतले की पहिला प्रश्न डेकचाच उभा राहतो. १९८० ते २००० या काळात तयार झालेला आणि आता कुशल माणसाकडून सर्व्हिसिंग करून घेतलेला डेक घ्यावा, की आजही बनणाऱ्या मोजक्या नव्या डेकपैकी एखादा? मी दोन्ही प्रकारचे डेक घरी वापरले आहेत, त्यामुळे माझे मत आधीच सांगून टाकतो. डेक उघडून नीट करून देणारा माणूस हाताशी असेल तर जुना, एका कॅसेटचा, ऑटो-रिव्हर्स (कॅसेट न उलटता दुसरी बाजू आपोआप वाजवण्याची सोय) नसलेला डेक घ्यावा. तसा माणूस नसेल तर नवा घ्यावा. ‘चालू स्थितीत आहे’ एवढ्याच आश्वासनावर विकला जाणारा, कित्येक वर्षांत न उघडलेला जुना डेक मात्र मी कोणालाच सुचवणार नाही, आणि त्याचे कारण पुढे सांगतो.

कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि ती सेकंदाला अवघी ४.७६ सेंटिमीटर एवढ्या वेगाने हेडसमोरून, म्हणजे फितीवरचा आवाज टिपणाऱ्या भागासमोरून, सरकते. एवढ्याशा रुंदीवर दोन्ही बाजूंचे डावे-उजवे मिळून चार ध्वनिपथ बसवलेले असतात. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये ही कॅसेट पुढे आणली तेव्हा बोलणे टिपून घेण्यापलीकडे तिच्याकडून फारशी अपेक्षा नव्हती. पुढे तिच्यातून उत्तम संगीत ऐकू येऊ लागले ते फितीच्या लेपातील सुधारणांमुळे आणि तितकेच डेकच्या यंत्रात आलेल्या अचूकतेमुळे. म्हणून दर्शनी पट्टीवरची बटणे आणि दिवे मोजत बसण्यापेक्षा, फीत ज्या भागांना स्पर्श करते ते भाग कसे आहेत आणि ते तसेच राखणे आपल्याला जमेल का, हे पाहून निवड करावी.

यंत्र, आवाज आणि डॉल्बी

चांगल्या जुन्या डेकमध्ये जड फ्लायव्हील (वेग स्थिर ठेवणारे चाक), काटेकोर घडवलेला कॅपस्टन (फीत पुढे सरकवणारा फिरता दांडा) आणि वेगावर नीट ताबा ठेवणारी मोटर असते. फितीचा वेग किती डळमळतो हे दाखवणारा ‘वाव-फ्लटर’चा आकडा अशा डेकमध्ये ०.१ टक्क्याच्या खाली असतो, आणि वरच्या श्रेणीतल्या डेकमध्ये तो ०.०५ टक्के किंवा त्याहूनही कमी असे. आज बनणाऱ्या डेकचे यंत्र बहुधा टनाशिन या जपानी कंपनीच्या जुन्या, स्वस्त रचनेवर बेतलेले असते, त्याचे फ्लायव्हील हलके असते आणि हाच आकडा पाव टक्क्याच्या आसपास जातो. भाषण, मुलाखत किंवा घरच्या गप्पा ऐकताना हा फरक बहुतेकांच्या कानाला लागत नाही. पियानोचा किंवा बासरीचा लांबलेला सूर ऐकताना मात्र तो किंचित थरथरल्यासारखा वाटतो, आणि एकदा लक्षात आला की तिकडेच कान जातो.

दुसरा फरक डॉल्बीचा आहे, आणि निवडीच्या दृष्टीने तो कदाचित सर्वांत निर्णायक ठरतो. फितीची मूळची खरखर कमी करण्यासाठी डॉल्बी बी, सी आणि एस अशा पद्धती आल्या; वरच्या पट्टीतील खरखर बी पद्धतीत सुमारे १० डेसिबलने आणि सी पद्धतीत सुमारे २० डेसिबलने कमी होते. नव्या डेकमध्ये या सोयी मूळ नावाने मिळत नाहीत. टीॲक कंपनीच्या डब्ल्यू-१२०० सारख्या डेकमध्ये बी पद्धतीशी जुळणारी सोय दिलेली आहे, पण सी आणि एस नाहीत. बी वापरून भरलेली कॅसेट डॉल्बीशिवाय वाजवली तर आवाज जरा चरचरीत होतो, पण ऐकता येतो. सी वापरून भरलेली कॅसेट तशी वाजवली तर आवाज मध्येच फुगतो, मध्येच दबतो आणि कानाला त्रास होतो. तेव्हा डेक निवडण्याआधी आपल्या कॅसेटची वेष्टणे काढून त्यांवर काय लिहिले आहे ते वाचावे. बऱ्याच वेष्टणांवर ‘सी’ची खूण दिसली तर निर्णय तिथेच झाला म्हणायचा: जुना डेक.

फितीच्या प्रकाराचेही असेच आहे. साध्या फेरिक फितीसाठी १२० मायक्रोसेकंदाचे आणि क्रोम व मेटल फितींसाठी ७० मायक्रोसेकंदाचे इक्वलायझेशन, म्हणजे वाजवताना तारस्वर किती दाबायचा याचे प्रमाण, ठरलेले आहे. जुने डेक हे बटणाने किंवा कॅसेटच्या वरच्या कडेवरील खाचा ओळखून आपोआप बदलतात, तर स्वस्त नव्या यंत्रांत बदलाची सोयच नसते आणि क्रोम कॅसेटचा तारस्वर ४ ते ५ डेसिबलने चढा ऐकू येतो. ॲम्प्लिफायरचे ट्रेबल कमी करून हे बरेचसे सावरता येते, त्यामुळे एवढ्यावरून नवा डेक बाद करू नये. मेटल फितीवर स्वतः रेकॉर्डिंग करायचे असेल तर मात्र जुन्या डेकला पर्याय नाही.

नव्या डेकच्या बाजूने भक्कम मुद्दे आहेतच. त्याचे रबर ताजे असते, त्याला वॉरंटी असते, तो आपल्या घरच्या व्होल्टेजसाठीच बनलेला असतो आणि अनेकदा यूएसबी जोडणी असल्याने संगणकात आवाज उतरवणे सोपे जाते. ज्याला पन्नास-साठ कॅसेट एकदा डिजिटल करून ठेवायच्या आहेत आणि त्या बोलण्याच्या आहेत, त्याने जुन्याच्या मागे लागू नये.

न उघडलेला जुना डेक का नको

मी घेतलेला पहिला डेक असाच ‘चालू’ होता. विक्रेत्याने दोन मिनिटे वाजवून दाखवला, आवाज स्वच्छ होता, मी खूश होऊन घरी आणला. तिसऱ्या दिवशी एका कॅसेटची बाजू अर्ध्यावर असताना आवाज एकाएकी बोदा झाला आणि मग थांबला. दार उघडून कॅसेट ओढली तर तिच्यामागून तपकिरी फितीची वेटोळी बाहेर येऊ लागली; हातभर फीत पिंच रोलरला घट्ट गुंडाळली गेली होती.

असे होण्याचे कारण साधे आहे. कॅपस्टन आणि रबरी पिंच रोलर फितीला ठरलेल्या वेगाने पुढे ढकलत राहतात आणि आलेली फीत उजवीकडची चकती गुंडाळून घेते. त्या चकतीला फिरवणारे बळ एखाद्या रबरी चाकातून किंवा बारीक पट्ट्यातून येते. ते रबर घट्ट, गुळगुळीत किंवा सैल झाले की चकती थांबते, पण कॅपस्टन थांबत नाही, आणि मग जागा मिळेल तिकडे फीत शिरते. माझ्या डेकचे वरचे झाकण काढले तेव्हा आतला एक पट्टा पट्टा राहिलाच नव्हता. डांबरासारखा वितळून कप्पीला चिकटला होता आणि बोटांना लागलेला त्याचा काळा डाग दोन दिवस गेला नाही.

म्हणून ‘सर्व्हिसिंग केलेला’ याचा नेमका अर्थ विक्रेत्याला विचारावा. पट्टे आणि रबरी चाक बदलले आहे का, पिंच रोलर बदलला किंवा निदान साफ केला आहे का, सुकलेले ग्रीस काढून नवे लावले आहे का, आणि वेग व हेडचा कोन तपासला आहे का, एवढी उत्तरे मिळायला हवीत. नुसते बाहेरून पुसून चकचकीत केलेले सर्व्हिसिंग काही कामाचे नाही. घेण्यापूर्वी बिघडली तरी चालेल अशी कॅसेट लावून एक बाजू पूर्ण वाजवावी, उजवी चकती एकसारखी फिरते का ते पाहत राहावे, फीत दोन्ही टोकांपर्यंत गुंडाळून शेवटी यंत्र आपोआप थांबते का ते बघावे आणि टॉर्चच्या उजेडात हेडच्या तोंडावर फितीने घासून खळगा पाडला आहे का ते तपासावे. डोळ्यांना स्पष्ट दिसेल एवढा खळगा पडलेला डेक सोडून द्यावा, कारण पट्टा सहज मिळतो, हेड मिळत नाही.

दोन हेड की तीन, एक कॅसेट की दोन

नाकामिची या जपानी कंपनीने १९७३ मध्ये ‘१०००’ हा तीन हेडचा डेक आणला, तेव्हापासून तीन हेडला एक वलय आहे. तीन हेडच्या डेकमध्ये रेकॉर्डिंग आणि वाजवणे यांसाठी वेगळी हेड असल्याने भरत असलेला आवाज फितीवरून लगेच ऐकता येतो, आणि बायसचे (रेकॉर्डिंग करताना आवाजासोबत फितीला दिल्या जाणाऱ्या साहाय्यक संकेताचे) बटण फिरवून त्या फितीला योग्य ते मूल्य कानाने जुळवता येते. रेकॉर्डिंगची खरी आवड असणाऱ्याने त्यासाठी जास्त खर्च जरूर करावा. ज्याला फक्त ऐकायचे आहे त्याला त्याचा उपयोग फारसा नाही, उलट साफ करायला आणि जुळवायला एक भाग वाढतो.

दोन कॅसेटच्या डेकमध्ये प्रत काढण्याची सोय असते, पण त्याच किमतीत दोन यंत्रे बसवायची म्हणजे दोन्हींत काटकसर आली. ऑटो-रिव्हर्समध्ये हेड फिरते किंवा सरकते आणि प्रत्येक वेळी ते नेमक्या त्याच कोनात थांबेल याची खात्री नसते. हेडची फट फितीच्या चालीशी काटकोनात नसेल, अगदी अंशाच्या पाव भागाने जरी कलली, तरी तारस्वर आधी जातो. कॅसेट उलटायला उठावे लागते ही गैरसोय मला त्यापुढे क्षुल्लक वाटते.

मांडणी आणि विजेची काळजी

जुना डेक घरी आणल्यावर प्लग लावण्याआधी मागच्या पट्टीवरचे व्होल्टेज वाचावे. जपानच्या स्वतःच्या बाजारासाठी बनलेले डेक १०० व्होल्टचे आणि अमेरिकेसाठीचे १२० व्होल्टचे असतात. ते २२० ते २४० व्होल्टच्या पुरवठ्यावर थेट लावले तर ट्रान्सफॉर्मर जळतो. अशा डेकला पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतोच. काही डेकच्या मागे व्होल्टेज बदलण्याची खाच असते, ती प्लग काढूनच फिरवावी.

जागेच्या अभावी डेक ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवण्याची सवय सर्रास दिसते. वेगळ्या फळीवर ठेवलेला डेक दोन कारणांनी सरस ठरतो: ॲम्प्लिफायरची उष्णता रबराला आणि कॅपॅसिटरला लवकर म्हातारे करते, आणि त्याच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र हेड पकडते, ज्यामुळे मागे सतत घुमणारा आवाज येतो. डेक सपाट, वरची हवेची छिद्रे मोकळी ठेवून आणि ट्रान्सफॉर्मरपासून हातभर लांब असावा. त्याची ‘लाइन आउट’ ॲम्प्लिफायरच्या टेप किंवा ऑक्स इनपुटला जोडावी, फोनोला (तबकडी वाजवणाऱ्या यंत्रासाठीच्या इनपुटला) कधीही नाही.

हाताने सफाई की सफाईची कॅसेट

सफाईची कॅसेट सोपी असते, डेकमध्ये टाकली की काम झाले. पण कोरड्या प्रकारच्या कॅसेटमध्ये खरखरीत फीत असते, ती हेडचा पृष्ठभाग थोडा थोडा घासते. ओल्या प्रकारची बरी, तरीही मळ नेमका निघाला की नुसता पसरला हे आपल्याला दिसत नाही. कापसाच्या काडीने हाताने केलेल्या सफाईला पाच मिनिटे जास्त लागतात आणि ती दर वेळी डोळ्यांसमोर होते, म्हणून मी तिलाच पसंती देतो. दार सहज निघत नसलेल्या डेकमध्ये मात्र ओल्या कॅसेटचाच आधार घ्यावा.

डेक बंद करून प्लग काढावा. काडी ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, निथळेल इतकी ओली न ठेवता हेडच्या तोंडावरून फिरवावी, मग कॅपस्टनच्या चकाकत्या दांड्यावरून. पहिली काडी बहुधा तपकिरी निघते, कारण फितीचा लेप दांड्यावर कड्यासारखा जमलेला असतो. काडी पांढरी निघेपर्यंत नव्या काड्या घ्याव्यात. पिंच रोलरच्या रबरावर अल्कोहोल वारंवार लावल्याने ते कोरडे पडते, म्हणून त्यासाठी पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकलेली काडी वापरावी आणि नंतर साध्या पाण्याच्या काडीने साबण पुसून घ्यावा. सगळे पूर्ण वाळल्यावरच कॅसेट घालावी. अनेक जुन्या पुस्तिकांत साधारण दर १० तासांच्या वापरानंतर सफाई सांगितली आहे आणि जुन्या, लेप सोडणाऱ्या कॅसेट वाजवत असाल तर ते अजिबात जास्त नाही. आत तेल फवारणे किंवा कॅपस्टनवर तेल लावणे हे कधीही करू नये. फीत घसरू लागते आणि रबर खराब होते.

हेडमधले चुंबकत्व काढण्याचे डीमॅग्नेटायझर दोन तऱ्हांचे मिळतात. कॅसेटच्या आकाराचा वापरायला निर्धोक असतो. दांडीचा जास्त प्रभावी, पण चुकीच्या हाती नुकसान करणारा: तो डेकपासून हातभर लांब असताना सुरू करावा, बंद डेकच्या हेडजवळ सावकाश न्यावा, तितक्याच सावकाश मागे घ्यावा आणि पुन्हा लांब आल्यावरच बंद करावा. हेडजवळ असताना तो बंद पडला तर काढायला गेलेले चुंबकत्व उलट वाढते. हे काम करताना भरलेल्या कॅसेट त्या टेबलावर ठेवू नयेत.

डेकचे झाकण उघडण्याची वेळ आली तर प्लग काढल्यानंतरही मेन्सच्या बाजूच्या भागांना बोट लावू नये. पॉवर सप्लायचे काम जाणकारावर सोपवावे. महिनोन्महिने न वापरलेला डेक बिघडतो, म्हणून महिन्यातून एकदा तरी तो तासभर चालवावा.

कॅसेट निवडायच्या तर सी-६० आणि सी-९० ठीक, सी-१२० टाळावी (आकडा म्हणजे दोन्ही बाजू मिळून मिनिटे). तिची फीत इतकी पातळ असते की ती ताणली जाते आणि गुंतायचा धोका सर्वांत जास्त तिलाच असतो. जुनी मौल्यवान कॅसेट वाजवण्याआधी तिच्यातला फोमचा किंवा फेल्टचा दाबपट्टा जागेवर आहे का ते पाहावे, पेन्सिलने सैल फीत आवळून घ्यावी, एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळावी, आणि साफ केलेल्या डेकवर पहिल्यांदा वाजवतानाच संगणकात तिची नोंद सुरू ठेवावी.