मेडिकल असिस्टंट कोर्स: रक्त काढणं भक्कम, बिलिंग उरकलेलं

अमेरिकेतल्या टेक्निकल कॉलेजमधला हा कोर्स खरा कळतो तो लॅबमध्ये. रक्त काढताना टुर्निकेट (दंडाला आवळायचा पट्टा) एका मिनिटाच्या वर बांधून ठेवायचं नाही, सुई 15 ते 30 अंशांत, आणि रंगीत झाकणांच्या नळ्यांचा क्रम तोंडपाठ: निळी, लाल, हिरवी, जांभळी, करडी. जांभळी आधी भरली की तिच्यातलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) पुढच्या नळीत जातं. पोटॅशियम उगाच चढलेलं दिसतं, कॅल्शियम उतरलेलं. निळी अर्धवट भरली तर गोठण्याची चाचणी बाद. हे सगळं घोटून घेतात, इथे पैकीच्या पैकी.

बिलिंग-कोडिंग, म्हणजे बिलासाठी आजार-उपचारांचे कोड लिहिणं, मात्र उरकल्यासारखं. आणखी एक तक्रार: बीपीचा पट्टा दंडाला लहान पडला की आकडा जास्त येतो, हे पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं. सांगतात फार उशिरा.

प्रवेशाआधी सीएएएचईपी किंवा एबीएचईएस या अशा कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थांची मान्यता तपासा, सीएमए (प्रमाणित मेडिकल असिस्टंट) परीक्षेचा सरळ रस्ता तिथूनच जातो. शेवटचे क्लिनिकमधले 160 तास नोकरी सांभाळून जमवणं अवघड.