ऑस्टिनकरांनो, आकाशदर्शन कॅम्पसवर की थेट मॅकडोनल्डला?

कॅम्पसवरची दुर्बीण आणि पश्चिम टेक्ससमधल्या फोर्ट डेव्हिसजवळची मॅकडोनल्ड वेधशाळा, दोन्ही युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससच्याच, मग सात तास गाडी हाणत तिकडे कशाला जायचं असं बरेच जण विचारतात. माझं म्हणणं, आधी काय बघायचंय ते ठरवा.

चंद्र, गुरू, शनी एवढंच असेल तर कॅम्पसवरचा पेंटर हॉल बास झाला. वरच्या घुमटात 1930च्या दशकातली 9 इंची दुर्बीण आहे, सेमिस्टर चालू असताना वीकेंडला लोकांसाठी उघडतात, तिकीट नाही, फक्त तारीख आधी चेक करा आणि पार्किंगचे पैसे धरा. शहराच्या उजेडाने ग्रहांचं फार काही बिघडत नाही. कालनिर्णयात शुद्ध अष्टमीच्या आसपासचा वीकेंड बघा, तेव्हा चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेवर खड्ड्यांच्या सावल्या लांबच लांब पडलेल्या असतात, पौर्णिमेला सगळं सपाट दिसतं. लहान मुलं आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) हमखास हात लावतात, शनी गायब, मग दुर्बीण दाखवणारा स्टुडंट बिचारा परत शोधून देतो आणि मागची लाइन खोळंबते. वर जायला जिना आहे, गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना आधी सांगून ठेवा.

पण आकाशगंगा बघायची असेल तर ऑस्टिनमध्ये कितीही मोठी दुर्बीण लावा, उपयोग नाही. त्यासाठी मॅकडोनल्डच. उंची साधारण 6,800 फूट, आजूबाजूला मैलोन्‌मैल वस्ती नाही, आणि तो सगळा भाग 2022 पासून अधिकृत डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचं आकाश अंधारं राखलेलं क्षेत्र, आहे. मंगळवार, शुक्रवार, शनिवारी स्टार पार्टी, म्हणजे लोकांसाठी आकाशदर्शनाचा कार्यक्रम, असते, तिकीट आधीच काढावं लागतं. हिरव्या लेझरने तारकासमूह दाखवतात, मग वेगवेगळ्या दुर्बिणींपुढे रांगा. खरं सांगू का, रांग सोडून नुसतं मान वर करून वृश्चिक-धनूकडे बघत बसलात तरी पैसे वसूल. फोनचा टॉर्च अजिबात नाही, लाल लाइटच. जुलैतही जॅकेट घ्या.

दिवसा 107 इंची दुर्बीण बघता आली तर बघा. 1970 मध्ये तिथल्याच एका कर्मचाऱ्याने आरशावर गोळ्या झाडल्या होत्या, बारीक भोकं पडली, पण दुर्बीण अजून काम करते!

अडचण वेळेची आहे. तिकडे उन्हाळ्यात सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे कार्यक्रम सुरू व्हायलाच साडेनऊ-दहा, पाच वर्षांचं पोरगं तोवर झोपलेलं असतं, आणि परतीच्या अंधाऱ्या घाटात हरणं आडवी येतात. त्यामुळे छोटी मुलं असतील तर सध्या कॅम्पसच. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे पावसाळी ढगही येतात, म्हणून मे-जून किंवा सप्टेंबरअखेर अमावस्येजवळची तारीख धरा आणि दोन रात्री राहा, एक ढगात गेली तर दुसरी तरी मिळेल. फोर्ट डेव्हिसमध्ये हॉटेलं मोजकीच, नाही मिळालं तर अल्पाइन किंवा मार्फा बघा. आधी रूम, मग तिकीट.