सर्ज प्रोटेक्शन सॉकेट : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घरी गेल्या एप्रिलमध्ये टीव्ही आणि वायफाय राउटर यांच्या स्विचबोर्डवर सर्ज प्रोटेक्शन (विजेच्या दाबातल्या, म्हणजे व्होल्टेजमधल्या, अचानक उसळीपासून संरक्षण) असलेले दोन सॉकेट बसवून घेतले. त्याआधीच्या वर्षी वळवाच्या पावसात घराजवळ वीज पडली आणि त्या एका क्षणात टीव्ही व राउटर दोन्ही कायमचे बंद पडले होते. एका सॉकेटला साधारण बाराशे रुपये पडले. मात्र खरा खर्च आणि खरे काम पुढेच होते.

या सॉकेटच्या आत व्हॅरिस्टर नावाचा भाग असतो. नेहमीच्या २३० व्होल्टला तो जवळजवळ निष्क्रिय राहतो, पण तारेतला दाब अचानक कित्येक पटींनी उसळला की क्षणार्धात वाहक बनून जादा प्रवाह न्यूट्रलकडे आणि अर्थकडे (जमिनीत जाणाऱ्या तारेकडे) वळवतो. वीज पडल्याने फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांचा दाब एकदमच वाढू शकतो, आणि तेव्हा तो प्रवाह जायला अर्थशिवाय दुसरी वाट नसते.

आमच्याकडे नेमकी तीच वाट बंद होती. सॉकेट बसवून गेलेल्या वायरमनचे काम वरून नीटनेटके दिसत होते, सॉकेटवरचा हिरवा दिवाही लागला होता. मे महिन्यात दुसऱ्या एका कामासाठी आलेल्या अनुभवी वायरमनने एमसीबी बंद करून प्लेट उघडली, तेव्हा अर्थची हिरवी वायर डब्याच्या कोपऱ्यात तीन वेढे घालून दाबून ठेवलेली सापडली. तिचे टोक सोललेलेही नव्हते. या मॉडेलमधला दिवा फेज आणि न्यूट्रलवर चालतो, त्यामुळे अर्थ जोडलेला नसतानाही तो लागतो, हे मला तेव्हा कळले. बसवणाऱ्याने वायर जोडलेली प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय प्लेट लावू देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

वायर जोडूनही प्रश्न सुटला नाही, कारण जमिनीतले अर्थिंगच कमकुवत होते. आमची जमीन जांभ्याची. पावसाळ्यात ओल असते तोवर ठीक, पण उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा पार कोरडा पडतो. मल्टिमीटरवर फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्ट दिसले म्हणजे अर्थिंग चांगले असे ठरत नाही. त्यासाठी अर्थ टेस्टरच लागतो. त्यावर ३८ ओहम रोध आला. नवा पाइप खोल गाडून भोवती मीठ-कोळसा भरला आणि पाणी ओतण्यासाठी वर नरसाळे ठेवले, तेव्हा तो ६ ओहमपर्यंत उतरला. आता उन्हाळ्यात दर आठवड्याला त्यात एक बादली पाणी घालायचे, हा घरातला नियम आहे.

जूनच्या सुरुवातीच्या गडगडाटात दोन्ही सॉकेटवरचे टीव्ही आणि राउटर शाबूत राहिले. ते सॉकेटमुळेच वाचले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मात्र त्याच रात्री टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स जळाला, आणि त्याचे कारण स्पष्ट होते: छपरावरच्या डिशची केबल सॉकेटमधून जात नाही. तेव्हापासून ढग दाटून आले की आधी ती केबल काढतो. खरे तर मोठी वीज जवळ पडण्याची शक्यता असताना प्लगसुद्धा काढून ठेवणेच सर्वांत सुरक्षित.

ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसात राउटरच्या सॉकेटवरचा हिरवा दिवा विझला. राउटर मात्र नेहमीसारखा सुरू होता, आणि या उपकरणाची मला सर्वांत खटकणारी गोष्ट हीच आहे. व्हॅरिस्टर प्रत्येक उसळीने थोडा थोडा झिजतो, आणि तो निकामी झाला तरी सॉकेटमधून वीज मिळत राहते. दिव्याकडे लक्ष नसेल तर संरक्षण संपल्याचा पत्ता लागत नाही. मी ते सॉकेट लगेच बदलले.

फ्रिजसाठी मात्र हे घेऊ नये. आमच्याकडे संध्याकाळी दाब बराच उतरतो आणि कधी बराच वेळ चढलेला राहतो. सर्ज सॉकेट मायक्रोसेकंदांच्या उसळीसाठी असते, तासन्‌तास चालणाऱ्या चढ-उतारासाठी नव्हे. न्यूट्रल तुटून दाब ४०० व्होल्टच्या आसपास गेला, तर व्हॅरिस्टर स्वतःच तापून जळू शकतो. फ्रिजला आम्ही स्टॅबिलायझर लावला आहे, आणि मीटरजवळच्या मुख्य बोर्डात टाइप २ चे (अशा बोर्डात बसवायच्या प्रकारचे) सर्ज प्रोटेक्टर बसवण्याचे काम अर्थिंगची पुन्हा मोजणी करून येत्या मार्चमध्ये, वळीव सुरू होण्यापूर्वी उरकून घेणार आहोत.