पडद्यावर चित्र बसवताना: लेन्स शिफ्ट की कीस्टोन?

प्रोजेक्टर पडद्याच्या अगदी समोर आणि योग्य उंचीवर ठेवता येत असेल, तर लेन्स शिफ्ट आणि कीस्टोन या दोहोंपैकी कशाचीच गरज पडत नाही. परंतु आपल्याकडच्या दिवाणखान्यात त्या मोक्याच्या जागी हमखास छताचा पंखा असतो. मग प्रोजेक्टर एका बाजूला किंवा उंचावर बसवून पडद्याकडे कलता केला जातो आणि आयताचा समलंब चौकोन होतो.

कीस्टोन ही प्रोजेक्टरमधली चित्राचा आकार सुधारणारी सोय हा दोष लपवते. चित्र प्रोजेक्टरच्या आतच उलट दिशेने आखडून घेतले जाते, त्यामुळे भिंतीवर ते चौकोनी दिसते खरे, पण किंमत पिक्सेलांत मोजावी लागते. वरची कड 10 टक्के आवळली, तर त्या ओळीतल्या 1920 पिक्सेलांपैकी 192 काळे राहतात आणि उरलेल्यांत तेच चित्र दाटीवाटीने बसवावे लागते. चित्रपटात हे फारसे जाणवत नाही. मात्र मी संगणकाचा पडदा दाखवायला गेलो, तेव्हा बारीक अक्षरांच्या उभ्या रेघा कुठे जाड, कुठे पुसट दिसू लागल्या. शिवाय ते काळे पिक्सेलही पूर्ण काळे नसतात, अंधारात पडद्याबाहेर करडी पट्टी उमटते.

लेन्स शिफ्टमध्ये भिंगच वर-खाली किंवा आडवे सरकते, म्हणून सगळे पिक्सेल कामी येतात. यासाठी प्रोजेक्टर महाग पडतो, आणि काही यंत्रांत शिफ्ट फक्त उभी असते. दोन्ही असल्या तरी उभी पूर्ण ताणल्यावर आडवीला बहुधा वाव उरत नाही. शिफ्टने तिरपेपणा जातो, हा गैरसमज मात्र सर्रास आढळतो. प्रत्यक्षात तो जात नाही, यंत्र तिरपे करण्याची गरज तेवढी टळते. ते पाणसळीत आणि भिंतीला समांतर हवेच.

कायम छताला टांगायचे असेल, तर मी शिफ्टसाठी जादा पैसे मोजेन. भाड्याच्या घरात, टीपॉयवर ठेवून शनिवारपुरता वापर असेल, तर कीस्टोन पुरे. तेही आधी टीपॉय सरकवून पाहिल्यावर.

पसंती कोणतीही असो, जाळीचे चाचणीचित्र लावून समोरासमोरच्या बाजू आणि दोन्ही कर्ण सारखे आहेत का, ते टेपने मोजून पाहावे. 100 इंची, 16:9 पडद्याचे चित्र साधारण 221 सेंमी रुंद आणि 125 सेंमी उंच असते. शेवटचा एखादा सेंटिमीटर जुळत नसेल, तर झूम किंचित वाढवून तो पडद्याच्या काळ्या मखमली काठावर जाऊ द्यावा. तिथे तो दिसत नाही.