इंग्रजी साहित्य आणि गॅलिक एकाच पदवीत: दुसऱ्या वर्षाच्या मध्यावरून

स्कॉटलंडमधील एका जुन्या विद्यापीठात इंग्रजी साहित्य आणि गॅलिक असे दोन विषय जोडून मी पदवी करते आहे आणि सध्या माझे दुसरे वर्ष चालू आहे. (आयर्लंडच्या भाषेला ‘गेलिक’ म्हणतात, स्कॉटलंडच्या भाषेला ‘गॅलिक’, येथे सर्वत्र दुसरीच अभिप्रेत आहे.) हा अभ्यासक्रम घ्यावा का, अशी विचारणा अधूनमधून होत असते, म्हणून सविस्तर लिहिते. माझे मत असे की अभ्यासक्रम घेण्याजोगा आहे. मात्र दोन विषयांची सांगड विद्यापीठ घालून देत नाही, ती विद्यार्थ्यालाच घालावी लागते, आणि या पदवीचा खरा लाभ नेमका त्या सांगडीतच आहे.

आधी रचनेविषयी. तेथील जुन्या विद्यापीठांतील एम. ए. ही शाळेनंतरची चार वर्षांची पहिली पदवी असते, आणि आपल्याकडील एम. ए.शी तिचा संबंध नाही हे नातेवाइकांना समजावताना दमछाक होते. माझ्या विद्यापीठात पहिली दोन वर्षे एखादा तिसरा विषयही घेता येतो. पुढची दोन वर्षे ऑनर्सची. गॅलिक माध्यमाच्या शाळांतून आलेल्यांचा वर्ग वेगळा आणि आमच्यासारख्या नवशिक्यांचा वेगळा असतो. नवशिक्यांना जवळजवळ रोज तास असल्यामुळे इंग्रजीची कादंबरी शनिवार-रविवारवर ढकलता येते, पण गॅलिकचा गृहपाठ ढकलता येत नाही.

भाषा शिकताना मराठीचा जो उपयोग झाला, त्याची मी अपेक्षा केली नव्हती. गॅलिकमधील ‘त’ दंत्य आहे. वर्गातील इंग्रजीभाषक मुले जीभ दातांना टेकवण्याचा सराव करत असताना मला काहीच करावे लागले नाही. त्या भाषेत मालकी दाखवणारे क्रियापद नाही, ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ अशाच धाटणीने बोलतात, आणि नामांना लिंग असण्याचे आपल्याला नवल वाटत नाही. वर्णमाला केवळ अठरा अक्षरांची असल्यामुळे स्पेलिंगे लांबलचक होतात. मी वहीच्या समासात उच्चार देवनागरीत लिहीत गेले आणि श, च, ज, ख यांनी बरेचसे काम भागले. ‘ao’ या जोडस्वराला मात्र देवनागरीत सोय नाही. त्यासाठी ओठ न वळवता ‘ऊ’ म्हणावा लागतो, आणि माझा तो अजूनही धड येत नाही.

आता सांगडीविषयी. वर्ड्‌स्वर्थची ‘द सॉलिटरी रीपर’ ही 1807 मध्ये प्रसिद्ध झालेली कविता आपल्याकडे अनेकांनी शाळा-कॉलेजात वाचलेली असते. हायलँड्स या स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील एक मुलगी कापणी करताना गात आहे, आणि ती काय गाते हे मला कोणी सांगेल का, असे कवी विचारतो. इंग्रजीच्या तासाला या प्रश्नावर कल्पनाशक्ती आणि अगम्य सौंदर्य या अंगाने भरपूर चर्चा झाली. ती मुलगी गॅलिकमध्ये गात असणार आणि तशा श्रमगीतांची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत, हे कोणी बोलले नाही. त्याच आठवड्यात गॅलिकच्या तासाला आम्ही विणलेले लोकरी कापड भिजवून, मेजावर आपटून घट्ट करताना बायका म्हणत ती गाणी ऐकत होतो. एक बाई ओळ म्हणते आणि बाकीच्या जणी अर्थहीन अक्षरांचे ध्रुपद उचलून धरतात. त्या ओळींत बुडालेला भाऊ येतो, सोडून गेलेला प्रियकर येतो, शेजारणीची टवाळीही येते. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या माणसाला यात परके वाटण्यासारखे काही नाही. ‘तोबर अन दुअल्खश’ या संकेतस्थळावर असा पुष्कळ संग्रह विनामूल्य ऐकता येतो. त्याचा मोठा भाग एडिंबरा विद्यापीठात 1951 मध्ये सुरू झालेल्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजने जमवलेला आहे.

अठराव्या शतकाचेही तसेच. जेम्स मॅकफर्सन या स्कॉटिश लेखकाने 1760 पासून ओशन या प्राचीन गॅलिक कवीच्या नावावर जे ‘अनुवाद’ छापले, ते इंग्रजी विभागात साहित्यिक बनावटगिरीचे प्रकरण म्हणून शिकवले जातात. गॅलिकमध्ये शंभर वर्षे जुन्या असल्याचा पुरावा देता येईल अशा पाचशे ओळीही मिळणार नाहीत, असे इंग्रज कोशकार डॉ. जॉन्सनने 1775 मध्ये लिहिले. तेही आम्ही वाचले. परंतु लिझमोरच्या डीनचे (हा चर्चमधील एक अधिकारी) सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातील हस्तलिखित आज एडिंबराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि त्यात ओशनच्या परंपरेतील खरीखुरी कवने आहेत, तसेच अलस्तर माख्क वायश्चिर अलस्तरचा गॅलिक काव्यसंग्रह 1751 मध्येच छापला गेला होता, ही माहिती मला कॅम्पसच्या दुसऱ्या इमारतीत मिळाली. दोन्ही विभागांनी एकमेकांच्या वाचनयाद्या नुसत्या चाळल्या तरी हे सुधारेल.

गंमत अशी की आधुनिक गॅलिक कवितेतील थोर माणसे स्वतः याच वाटेने गेलेली आहेत. सोर्ली मॅक्लीन 1930च्या आसपास एडिंबरात इंग्रजी साहित्य शिकला आणि कविता गॅलिकमध्ये लिहीत राहिला. इयन क्राइटन स्मिथ ॲबर्डीनला इंग्रजी शिकला आणि दोन्ही भाषांत लिहीत गेला. त्यांना वाचताना दोन्ही तास एकदम उपयोगी पडतात.

तक्रारी आहेतच. दोन्ही विभागांची वेळापत्रके आदळतात, निबंधांच्या मुदती एकाच आठवड्यात येतात, आणि परदेशी विद्यार्थ्यांची फी स्थानिकांच्या कित्येक पट असल्यामुळे घरी हिशेब मांडूनच निर्णय घ्यावा. शहरात राहून भाषा आपोआप कानावर पडेल, ही आशाही ठेवू नये. 2022च्या जनगणनेनुसार गॅलिक बोलू शकणारे सुमारे 70,000 आहेत आणि बाह्य हेब्रिडीज या गॅलिकचा बालेकिल्ला समजल्या जाणाऱ्या बेटांवरही त्यांचे प्रमाण निम्म्याच्या खाली गेले आहे. 2025च्या कायद्याने भाषेला अधिकृत दर्जा मिळाला, तरी बसमध्ये मी ती क्वचितच ऐकते. बोलण्याचा सराव हवा असेल तर स्काय बेटावरील साव्हल मोर ओस्तक या गॅलिक महाविद्यालयाचे उन्हाळी वर्ग चांगले आहेत.

जाण्यापूर्वी काय करावे, असे विचाराल तर लर्नगॅलिक हे संकेतस्थळ आणि ड्युओलिंगो हे ॲप दोन्ही विनामूल्य वापरता येतात. व्याकरणासाठी पहिले अधिक उपयोगी, कारण दुसऱ्यावर वाक्ये पाठ होतात पण गॅलिक वाक्यात शब्दाच्या आरंभीचे व्यंजन जे बदलते ते का बदलले हे नीट कळत नाही. तेवढा भाग सुटीत पक्का केला तर पहिल्या सत्रात इंग्रजीच्या वाचनाला वेळ उरतो.